रेवती आमची होती

आमच्या घरात दिवसरात्र एक घरघर चालू असायची. माडीवरच्या खोलीत अप्पांची केबलची यंत्रं होती आणि ती तापू नयेत म्हणून दोन पंखे आणि एक जुना कूलर कायम फिरत असत. त्या घरघरीच्या खाली आम्ही जेवलो, झोपलो, भांडलो, अभ्यास केला. लाइट गेली की घरघर थांबायची, मग पेठेला चित्र गेल्याचं कळायच्या आधी आम्हाला शांततेवरून कळायचं आणि अप्पा हातातला घास टाकून जनरेटरकडे धावायचे. लहानपणी मला त्या खोलीची भीती वाटायची, पण तिथून पाय निघायचा नाही. अंधारात हिरवे आणि तांबडे दिवे लुकलुकत असत, आणि तिथून निघालेल्या काळ्या वायरी गच्चीवरून, यंत्रमागांच्या पत्र्यांवरून, लिंबाच्या फांद्यांतून सोलापूरच्या भवानी पेठेतल्या घराघरांत गेलेल्या असत. संध्याकाळी मी गच्चीत उभी राहिले की आजूबाजूच्या सगळ्या खिडक्यांतून एकाच वेळी एकच गाणं सुरू व्हायचं. इतकी माणसं एकदम एकाच गोष्टीकडे बघतायत आणि ती गोष्ट आमच्या माडीवरून जाते आहे, या विचाराने माझ्या अंगावर काटा यायचा. माझ्या नातीला हे सांगितलं तर ती हसते. तिला सेट टॉप बॉक्स म्हणजे काय हेच आधी समजावून सांगावं लागतं.

अप्पांना सगळे केबलवाले अप्पा म्हणत. चित्र दिसत नाही, आवाज येत नाही, वायर माकडाने तोडली, अशा तक्रारी तर यायच्याच. पण पेठेतल्या बायका मालिकांच्या गोष्टींबद्दलही आमच्याकडेच तक्रार करायच्या. अमक्या मालिकेतली सासू फार छळते, तिला जरा आवरा. तमक्या मालिकेतला थोरला भाऊ परदेशातून कधी येणार, तेवढं विचारून सांगा. फोन माझी आई, अव्वा, घ्यायची. ती मूळची अक्कलकोटकडची, त्यामुळे फोनवर आधी तिच्या तोंडून कानडीच यायचं. 'हौदु, हौदु,' करत ती सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, सांगते हं यांना. अप्पा वैतागायचे. मी फक्त चित्र पोचवतो, गोष्ट मी लिहितो का, असं विचारायचे. अव्वा भाकरी थापता थापता म्हणायची की त्यांना कुणीतरी ऐकून घेतलेलं पाहिजे, बाकी काही नको. दोघांचं हे बोलणं इतक्या वेळा झालं असेल की मला ते भाकरीच्या आवाजासकट पाठ आहे.

आमच्या मागच्या बोळात पद्माक्का राहायची. घरात तेलुगू, बोळात मराठी, आणि रागावली की दोन्ही. नवरा मागावर काम करायचा, तो तिच्या तरुणपणीच गेला. तिने विड्या वळून एकुलती मुलगी वाढवली. ही सरोजक्का माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, उंच, कमी बोलणारी, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कामाला. मला गणित तिने शिकवलं. पद्माक्काचं बोलणं मात्र बोळाच्या तोंडापर्यंत ऐकू यायचं. ती कुणाची गय करायची नाही आणि कुणाला उपाशीही जाऊ द्यायची नाही. संध्याकाळी ती आणि बोळातल्या आणखी चार-पाच जणी विड्यांची सुपं काखेत मारून आमच्या बाहेरच्या सोप्यात यायच्या, कारण आमचा टीव्ही सगळ्यांत मोठा होता. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखूचा भुगा, आणि डोळे पडद्यावर. बोटं न बघता पान उचलायची, भुगा भरायची, वळायची, दोरा बांधायची. सोप्यात तंबाखूचा वास भरायचा आणि अव्वा स्वयंपाकघरातून शिंकायची, पण तिने कधी त्यांना येऊ नका म्हटलं नाही.

त्या सगळ्या जणी जमायच्या त्या एकाच मालिकेसाठी. तिचं नाव 'इनामदारांची धाकटी', पण सगळे नुसतं 'धाकटी' म्हणत. इनामदारांच्या घरातली धाकटी मुलगी रेवती, लहानपणीच बाप गेलेली, चुलत्याच्या घरात वाढलेली, आईसाठी सगळ्यांशी झुंजणारी. आता सांगायला गेलं तर गोष्ट साधीच होती. पण रेवतीचं काम करणारी मुलगी गप्प उभी राहिली तरी तिच्या मनात काय चाललंय ते आमच्या सोप्यातल्या सगळ्यांना कळायचं. पद्माक्का तिच्याशी बोलायची. चुलत्यावर विश्वास ठेवू नको गं, असं पडद्याकडे बघून सांगायची. रेवतीला विषारी साप चावला आणि ती आठवडाभर दवाखान्यात बेशुद्ध होती, तेव्हा पद्माक्काने उपास धरला. शेखर नावाचा एक देखणा, भला शिक्षक तिच्यावर जीव टाकायचा, आणि त्या दोघांचं लग्न व्हावं हे सगळ्या पेठेचं ठरलं होतं. फक्त तारीख निघायची बाकी होती. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. बायकांच्या आग्रहावरून मी 'धाकटीची माणसं' नावाचा व्हॉट्सॲपचा ग्रुप काढून दिला. त्यावर पेठेतल्याच नाही, माळशिरस-वेळापूरकडच्या पाहुण्या बायकाही आल्या. सकाळी सकाळी शुभेच्छांची फुलं आणि रेवतीच्या लग्नात काय शिजवायचं याची चर्चा.

मग एका संध्याकाळी मालिका संपता संपता पुढच्या आठवड्याची झलक दाखवली. गावातल्या दवाखान्यात नंदा नावाची डॉक्टर आलेली होती, रेवतीची मैत्रीण. झलकेत रेवती तिचा हात हातात घेते आणि म्हणते की मला शेखरशी लग्न करायचं नाही, मला आयुष्य तुझ्यासोबत काढायचं आहे. आणि ती ज्या तऱ्हेने बघते, त्यात कुणाला गैरसमज व्हायला जागा नव्हती. सोप्यातली सगळी बोटं थांबली. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं. माडीवरची घरघर तेवढी ऐकू येत होती. पद्माक्का हळू आवाजात म्हणाली, 'हे काय बोलली ती?' जाहिरात लागली आणि कुणीतरी उठत सूप सावरलं. सरोजक्का त्या दिवशी कामावरून थेट आमच्याकडे आली होती, दारापाशी उभी होती. ती तशीच वळून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमचा फोन थांबेना. अव्वाने दुपारी तो बाजूला काढून ठेवला, तर माणसं घरी यायला लागली. कुणी म्हणे असली माणसं जगात असतील, आमचं काही म्हणणं नाही, पण रेवती का? कुणी म्हणे पोरं बघतात. एक निवृत्त मास्तर अप्पांना तासभर सांगत बसले की चॅनलवाल्यांनी प्रेक्षकांचा विश्वासघात केला आहे. ग्रुपवर तर आगच लागली. चॅनलच्या पानावर जाऊन सगळ्यांनी लिहावं असं ठरलं आणि खरंच लोकांनी लिहिलं. पद्माक्काला फोनवरचं बारीक मराठी वाचता यायचं नाही, म्हणून मी तिला वाचून दाखवायचे. त्यातलं काही मला तोंडाने म्हणवत नव्हतं. त्या नटीला काय काय करू, तिच्या घरी येऊ, असलंही लिहिलेलं होतं. ते मी गाळायचे आणि पद्माक्काला मी गाळते आहे हे कळायचं. 'हे असलं लिव्हणारी आमची माणसं न्हाईत,' ती म्हणायची, पण तिचा राग कमी व्हायचा नाही. मधूनच एखादं वेगळंही असायचं. नाव न सांगता कुणीतरी लिहिलं होतं की मी अशीच आहे, माझी आई रोज ही मालिका बघते, आज ती झलक बघून ती माझ्याकडे वळून बघत होती, आणि मला पहिल्यांदा वाटलं की मी घरात आहे. त्याखाली शिव्यांची रांग होती. सरोजक्काने माझ्या हातातून फोन घेतला, तेवढं एकच पुन्हा वाचलं, आणि फोन परत दिला. मी सतरा वर्षांची होते, पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते काय आहे हे मला कळलं. मी ते कुणालाही सांगितलं नाही. काही गोष्टी कळल्या की माणूस आपोआप गप्प होतो, तसं झालं.

आता योगायोग असा की त्याच सुमारास आमच्या घराला लागून असलेल्या साडीच्या दुकानाचं नवं दालन उघडणार होतं आणि त्यासाठी मालकांनी काही महिन्यांपूर्वीच रेवतीला बोलावून ठेवलं होतं. म्हणजे तिचं काम करणाऱ्या मुलीला. दुकानाचे मालक अप्पांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांना धडकी भरली, कारण पेठेत बोललं जात होतं की बायका दुकानापुढे बसणार, तिला आत जाऊ देणार नाहीत. ते आमच्या सोप्यात येऊन डोक्याला हात लावून बसले. तेव्हा पद्माक्का स्वतः आली आणि तिने अप्पांना सांगितलं की दुकानापुढे आम्ही काही करणार नाही, पण ती पोरगी जेवायला आणि विसाव्याला तुमच्याच घरी येणार आहे ना, तिथे आम्हाला तिच्याशी बोलू द्या. आमची पोरगी आहे, आम्ही समजावून सांगू. अप्पांनी अव्वाकडे बघितलं. अव्वा म्हणाली, येऊ देत.

त्या दिवशी घरात सकाळपासून शेंगदाणे भाजल्याचा वास होता. अव्वाने शेंगापोळ्या केल्या, बाजरीच्या कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, भरली वांगी, ताक. मी सोपा दोनदा झाडला. कोण येणार आहे हे मला माहीत होतं, तरी गाडीतून ती उतरली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. पडद्यावर रेवती उंच वाटायची. ही माझ्या खांद्याला लागत होती. साधा कुडता, डोळ्यांखाली काळं, हनुवटीवर एक पुटकुळी, आणि नखं पार कुरतडलेली. बरोबर चॅनलचा एक माणूस होता, तो सतत फोनवर. अव्वाने तिला विचारलं की तुमचं खरं नाव काय, तेव्हा ती हसली आणि म्हणाली की हे कुणी विचारतच नाही. तिचं नाव ईशानी होतं. ती मांडी घालून खाली बसली आणि मन लावून जेवली. शेंगापोळी तिने परत मागून घेतली. मी पाणी वाढताना तिच्याकडे बघत होते, आणि या एवढ्याशा मुलीसाठी आमच्या पेठेने उपास केले, तिलाच शिव्या दिल्या, हे काही केल्या माझ्या डोक्यात मावत नव्हतं.

तिचं जेवण झालं आणि बायका आल्या. कुणी सूप आणलं नव्हतं, सगळ्या धुवट साड्या नेसून, केस चापूनचोपून बांधून. सगळ्यांनी मिळून एक इरकली साडी आणली होती, हिरवी, लाल काठाची. ती रेवतीच्या लग्नासाठी होती. आत स्वयंपाकघराच्या दाराशी सरोजक्का उभी होती, अव्वाच्या मदतीला आलेली. पद्माक्का ईशानीसमोर बसली, साडी मध्ये ठेवली आणि तिने सुरुवात केली. ती ओरडली नाही. तिने फक्त एकेक सांगितलं, सापाचं, उपासाचं, ताप असतानाही एक दिवस न चुकवल्याचं.

'तू रोज संध्याकाळी आमच्या म्होरं येतीस. आमी तुला वाढवल्यावाणी हाय की. मग आमाला न इचारता हे असलं कसं ठरवलं? तू आमची हायीस.'

चॅनलचा माणूस मध्येच म्हणाला की हे सगळं लेखक ठरवतात, ताईंच्या हातात काही नसतं, आणि आपल्याला उशीर होतोय. ईशानीने त्याला हाताने थांबवलं. ती पद्माक्काकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं ती आता काहीतरी गोड बोलून उठेल. पण ती म्हणाली, 'मावशी, तुमचं खरं आहे. ती माझ्याएवढीच तुमचीही आहे. म्हणून एक मागते. पुढच्या आठवड्यात एक प्रसंग करायचा आहे, रेवती आईला सगळं सांगते तो. मला तो जमत नाही. आईचं काम करणाऱ्या बाई चांगल्या आहेत, पण त्यांना त्यांचं बोलणं पाठ आहे. तुम्ही बसाल का आई म्हणून? पाठ काही करायचं नाही. तुम्हाला जे वाटेल तेच बोला.'

बायका एकमेकींकडे बघून तोंडाला पदर लावून हसल्या. पद्माक्का हसली नाही. तिने कपाळावरचा घाम पुसला आणि ती दिवाणाच्या कडेला सरळ होऊन बसली, जशी फोटो काढायला बसतात तशी. ईशानी तिच्या पायाशी खाली बसली. तिने मान खाली घातली आणि काही क्षण तशीच राहिली. त्यानंतर तिने मान वर केली तेव्हा ईशानी तिथे नव्हती. हे कसं सांगावं मला आजही कळत नाही. चेहरा तोच होता, कुडता तोच, पुटकुळीसुद्धा तिथेच. पण आमच्या सोप्यात रेवती बसली होती. इतकी वर्षं जी माडीवरून वायरींतून जात होती ती हाताच्या अंतरावर होती.

'आई, मी शेखरला नाही म्हणणार आहे.'

'का? काय वाईट हाय त्याच्यात?' पद्माक्काने लगेच विचारलं.

'काहीच वाईट नाही. माझं मन नंदाजवळ आहे.'

'मैत्रीण हाय ती तुझी. मन असणारच की.'

'तसं नाही, आई. मी काय म्हणते ते तुला कळतंय.'

अप्पा जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे होते, तसेच राहिले. पद्माक्काचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यातून राग ओसरत गेला आणि त्याच्या खाली काहीतरी दुसरं दिसायला लागलं.

'हे खूळ कुठनं आणलंस?'

'कुठून आणलं नाही. लहानपणापासून माझ्यापाशीच आहे.'

'मग मला का न्हाई सांगितलंस?' पद्माक्काचा आवाज चिरकला. 'रोज तर म्होरं बसत हुतीस की. रोज. एवढं सगळं बोलत हुतीस, आन एवढंच न्हाई सांगितलंस?'

रेवतीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. 'भीती वाटली.'

'कुणाची?'

'तुझी.'

पद्माक्काने तिचं डोकं ओढून आपल्या मांडीवर घेतलं. विड्यांच्या पानांनी खरखरीत झालेला हात तिच्या केसांवरून फिरवला. मग म्हणाली, 'मला भिऊन कुणाला सांगणार हुतीस, येडे?' आणि तीही रडायला लागली. स्वयंपाकघराच्या दाराशी भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मी वळून बघितलं तर सरोजक्का मागच्या दाराने निघून जात होती.

मी पुढे आयुष्यात पुष्कळ नाटकं बघितली, मोठमोठ्या नाट्यगृहांत, नावाजलेल्या माणसांची. पण त्या दुपारी आमच्या सोप्यात जे झालं तसं मला कुठेही परत दिसलं नाही. नटीचं मी समजू शकते, ते तिचं कामच होतं. मला नवल वाटतं ते पद्माक्काचं. जिने आम्हाला या मुलीला सरळ करायला म्हणून गोळा केलं, तिच्या पोटात ही दुसरी बाई कुठे बसली होती? आणि ती तिला स्वतःला तरी माहीत होती का?

हे लिहिताना कुणाला वाटेल की पद्माक्का तिथल्या तिथे बदलली. तसं झालं नाही. जरा वेळाने तिने डोळे पुसले, पदर सारखा केला आणि ती ईशानीला म्हणाली, 'हे बघ, मी आई म्हणून बोलले. बघणारी म्हणून इचारशील तर माझं म्हणणं तेच हाय. लग्न शेखरशीच करायचं.' ईशानी डोळे पुसत मोठ्याने हसली. तिने साडी उचलून छातीशी धरली आणि विचारलं की लग्न झालं नाही तर साडी परत घ्याल का. पद्माक्काने विचार करून सांगितलं की साडी दिली ती दिली, कधीही नेस. त्या संध्याकाळी दुकानापुढे खूप गर्दी झाली, पण तिला कुणी अडवलं नाही. पद्माक्का सगळ्यांत पुढे उभी राहून बायकांना मागे सरकवत होती.

त्यानंतर काय झालं ते सगळ्यांना माहीत असेल. सोलापुरातून, सातारा-नगरकडून, मुंबईतून, सगळीकडून लोकांनी इतका धोशा लावला की चॅनलने माघार घेतली. नंदाची बदली झाली. रेवतीने एका प्रसंगात सांगून टाकलं की मी गोंधळले होते. आईला सांगण्याचा तो प्रसंग कधी दाखवलाच नाही, तो केला तरी की नाही, मला ठाऊक नाही. आमच्या सोप्यातली दहा-बारा माणसं सोडली तर तो जगात कुणी बघितलेला नाही. आणि मग रेवती आणि शेखरच्या लग्नाचा आठवडा सुरू झाला, रोज एक विधी. पेठेत आनंदीआनंद झाला. ग्रुपवर सगळे एकमेकांचं अभिनंदन करत होते, आपण जिंकलो म्हणून. कुणीतरी खरोखरचे पेढे वाटले.

हळदीच्या दिवशी आमचा सोपा भरला होता. पडद्यावर रेवतीला हळद लागत होती आणि ती हसत होती. मी नंतर त्या हसण्याचा खूप विचार केला. बाकी कुणाला त्यात काही दिसलं नसेल. पद्माक्का एकटक बघत होती. मग तिने सूप बाजूला ठेवलं आणि ती उठली.

'ही खोटं बोलतीया,' ती म्हणाली.

बायका हसल्या. अप्पा तिथेच होते, ते म्हणाले की अक्का, आधी तुम्हीच तर हे मागत होता.

'मागत हुते,' पद्माक्का म्हणाली. 'पण तिनं मला सांगितल्यालं हाय आता. सांगितल्यावर न ऐकल्यावाणी कसं करू?'

ती घरी गेली आणि त्यानंतर ती 'धाकटी' बघायला परत आली नाही. बाकीच्या जणी काही दिवस तिच्या नावाने बोलल्या. मग तेही थांबलं. लग्नानंतर मालिकेत रामच उरला नाही, असं सगळ्याच म्हणायला लागल्या आणि वर्षाच्या आत ती बंद पडली. ईशानी पुढे दुसरीकडे कुठे कुठे दिसायची. पण पेठेने तिला पुन्हा आपलं मानलं नाही, आणि मला वाटतं तिच्यासाठी ते बरंच झालं.

त्या लग्नाच्या आठवड्यात पद्माक्काच्या घरात काय झालं ते मला सरोजक्काने फार पुढे सांगितलं, मीही लेकुरवाळी झाल्यावर. सगळा बोळ टीव्हीसमोर होता, त्यांच्या घरचा मात्र बंद. दोघी मायलेकींना संध्याकाळी समोर बघायला एकमेकींशिवाय काही नव्हतं. तेव्हा सरोजक्काने आईला सांगितलं. तिच्याच कारखान्यात काजबटणं करणारी कविता नावाची मुलगी होती, चार वर्षांपासून. सरोजक्का म्हणाली की आमच्या सोप्यातलं सगळं ऐकून तिला वाटलं होतं, आईही तसंच काहीतरी म्हणेल, डोकं मांडीवर घेईल. पद्माक्काने त्यातलं काहीच केलं नाही. ती ऐकत राहिली, मग भिंतीकडे तोंड करून विड्या वळायला बसली आणि कित्येक दिवस कामापुरतं सोडून एक शब्द बोलली नाही. लेक जेवायला वाढायची, आई जेवायची. सरोजक्काला वाटलं की संपलं. तिने आपले कपडे एका पिशवीत भरूनही ठेवले होते.

शेवटचं मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. रविवार होता आणि अव्वाने मला ताक घेऊन त्यांच्याकडे पाठवलं होतं. स्थळं सुचवणाऱ्या एक बाई पेठेत हिंडायच्या, त्या आल्या होत्या. पुण्याचा मुलगा, कंपनीत नोकरी, घरचे पुढच्या आठवड्यात बघायला येतो म्हणत होते. सरोजक्का आतल्या खोलीच्या दारात उभी होती आणि तिच्या चेहऱ्याकडे मला बघवत नव्हतं. पद्माक्का पानं कापत होती. तिने कात्री खाली ठेवली आणि त्या बाईंना सांगितलं की पोरगी लग्न करणार नाही, आता स्थळं आणू नका. बाई चपापल्या. मुलीचं वय निघून चाललंय वगैरे बोलून झाल्यावर त्यांनी पुढे वाकून हळूच विचारलं, पोरीच्या मनात दुसरं कुणी आहे की काय.

मी ताकाचा तांब्या हातात धरून तशीच उभी होते. बाहेर यंत्रमाग खडखडत होते. पद्माक्काने लेकीकडे बघितलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि बघतच राहिली.

'हाय,' ती म्हणाली. 'मला म्हाईत हाय कोण ते. तुमी चा घेऊन जावा.'